केरास चालू, मेक बंद, तरी पेशी वाढतातच : स्वादुपिंडाच्या कर्करोगातलं संदेशवहन मापायचं कसं?

रेणुबंध

स्वादुपिंडाच्या नलिकांपासून होणाऱ्या कर्करोगात दहातल्या सुमारे नऊ गाठींत केरास जनुक बदललेलं सापडतं. १९८८ पासून हे ठाऊक आहे. पुस्तकातली प्रथिनांची साखळी सरळ आहे: केरास राफला जागं करतं, राफ मेकवर फॉस्फेट चढवतं, मेक ईआरकेवर, आणि ईआरके केंद्रकात जाऊन वाढीची जनुकं चालू करतं. या हिशोबाने मेक अडवलं की वाढ थांबायला हवी.

पण पँक-१ या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर ५० नॅनोमोलर ट्रॅमेटिनिब (मेक अडवणारं औषध) टाकलं तर चित्र वेगळं दिसतं. पहिल्या तासात वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे फॉस्फेट चढलेल्या ईआरकेचा, बँड जवळजवळ नाहीसा होतो. २४ तासांनी पुसट रेघ उमटते आणि ४८ ते ७२ तासांत ती चांगली ठळक होते. एकेटी या पेशीला तगवणाऱ्या दुसऱ्या साखळीतल्या प्रथिनावरचं फॉस्फेट (सेरीन ४७३) सुरुवातीपेक्षाही वाढलेलं असतं. पेशी मरत नाहीत, नुसत्या संथ होतात.

प्रश्न दोन आहेत. ईआरके परत येतं ते कुठल्या वाटेने? आणि ते खरंच परत आलं आहे की मापण्यात चूक आहे, हे कशावरून ठरवायचं? ज्यांनी हे ब्लॉट भरपूर केले आहेत त्यांनी बारकाव्यांसकट लिहावं ही विनंती.

शुभ्रपट

आधी कंट्रोल बघा. ४८ तासांच्या नमुन्याशेजारी ४८ तासांचाच डीएमएसओ कंट्रोल (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव एकटा दिलेला तुलनेचा नमुना) हवा, शून्य तासाचा चालत नाही. दोन दिवसांत पेशी दाटतात, सिरममधले वाढीचे घटक संपत येतात आणि औषधाशिवायही ईआरकेची पातळी हलते. डीएमएसओ सगळीकडे सारखा, ०.१ टक्क्याच्या आत.

त्रिज्या

@रेणुबंध, यात कळीची गोष्ट अशी की चालू ईआरके स्वतःलाच आवर घालत असतं. ते डीयूएसपी६ नावाचं फॉस्फेटेज तयार करवतं आणि हे फॉस्फेटेज ईआरकेवरचंच फॉस्फेट उतरवतं. शिवाय ते स्प्राउटी प्रथिनं वाढवतं, जी रिसेप्टरकडून आलेला निरोप मध्येच रोखतात. आणि एसओएस (रासवर जीटीपी चढवणारं प्रथिन) व राफ या दोघांवर स्वतः फॉस्फेट लावून त्यांचा जोर उतरवतं. केरास बदललेल्या पेशींत फॉस्फो-ईआरके अपेक्षेइतकं भडक का दिसत नाही, याचं उत्तर इथेच आहे. निरोप जोरात येत असतो, पण ब्रेकही तितकेच दाबलेले असतात.

मेक अडवलं की हे सगळे ब्रेक एकदम सुटतात. डीयूएसपी६ काही तासांत घटतं. ईजीएफआर, हर-२, हर-३ हे पेशीच्या पृष्ठभागावरचे वाढीचे निरोप घेणारे रिसेप्टर पुन्हा सक्रिय होतात. त्यांच्या शेपटीवर एसएचपी२ हे प्रथिन येऊन बसतं, त्याच्या मदतीने एसओएस१ रासवर (केरास आणि त्याची भावंडं) जीटीपी चढवतं, म्हणजे त्याला चालू करतं. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते: हे जीटीपी बदललेल्या केरासपुरतं राहत नाही. एचरास, एनरास ही भावंडं आणि केरासची न बदललेली प्रत हे तिघेही त्यात ओढले जातात. मग राफची जोडी जमते, मेकवर इतका दाब येतो की औषधाने झाकलेल्या मेकमधूनही थोडा निरोप पाझरतो. हर-३ त्याच वेळी एकेटीला चालू करणाऱ्या पीआय३केला हाताशी धरतं, म्हणून तुमचं एकेटी वर जातं.

थोडक्यात, एकेटीची वाढ आणि ईआरकेचं परतणं ही एकाच कारणाची दोन फळं आहेत.

मंदगती

त्रिज्यांशी यंत्रणेबाबत सहमत. पण पँक-१ ही निवड मला खटकते. या पेशींत केरास जी१२डी (बाराव्या ग्लायसीनच्या जागी दुसरं अमिनो आम्ल; शेवटचं अक्षर ते कुठलं हे सांगतं) आहे खरं, तरी केरास काढून टाकल्यावर इतर ओळींच्या (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणांच्या) मानाने त्या कमी कोलमडतात. त्यांचा स्वभाव मेसेंकायमल (सुट्या, फिरत्या पेशींसारखा) आहे, पेशींना एकमेकींशी जोडणारं ई-कॅडहेरिन कमी. तिथे संथ वाढ दिसली म्हणून ‘स्वादुपिंडाच्या कर्करोगात मेक अडवून उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

निदान चार ओळी एकत्र ठेवा. ॲस्पीसी-१ मध्ये केरासच्या दोन्ही प्रतींत जी१२डी आहे. मिया पाका-२ मध्ये जी१२सी, तेही दोन्ही प्रतींत. कॅपन-१ मध्ये जी१२व्ही आहे, शिवाय डीएनए दुरुस्त करणाऱ्या बीआरसीए२ जनुकाचा दोष. बीएक्सपीसी-३ मध्ये केरास शाबूत आहे, मात्र बीराफमध्ये (राफचाच एक प्रकार) एक छोटा तुकडा गळालेला आहे आणि त्यामुळे ते जोडीने चालूच राहतं. बीएक्सपीसी-३ला ‘निरोगी कंट्रोल’ समजून वापरणारे लोक इथेच फसतात. केरास साधं असलं तरी ईआरकेची साखळी तिथेही चालू असते, फक्त एक पायरी खालून.

अनुस्वार

जी१२डी आणि जी१२व्ही यांत एवढा फरक का धरायचा? बारावं ग्लायसीन गेलं की काम संपलं ना? गॅप या केरासला बंद करायला मदत करणाऱ्या प्रथिनाचं आर्जिनीन बोट आत शिरत नाही, जीटीपी तुटत नाही, केरास चालू राहतं.

त्रिज्या

@अनुस्वार, गॅपबद्दल बरोबर. पण गॅपशिवाय केरास स्वतःच्या बळावर जीटीपी किती वेगाने तोडतं, हे प्रत्येक बदलात वेगळं आहे. जी१२सीमध्ये ही उपजत क्षमता जवळपास शाबूत राहते. म्हणून जी१२सी अधूनमधून जीडीपीच्या, म्हणजे बंद अवस्थेत येतं आणि सोटोरासिबसारखं औषध त्याला नेमकं त्या क्षणी पकडून सिस्टीनशी कायमचं जोडून टाकतं. जी१२आरमध्ये ही क्षमता फार कमी, तिथे तो डाव चालत नाही.

खाली निरोप कुणाला जातो तेही बदलतं. जी१२आरची पीआय३केशी गाठ नीट पडत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात जी१२आर विरळा, आणि स्वादुपिंडात मात्र डी आणि व्ही यांच्या खालोखाल तेच. ‘केरास म्युटंट’ असा एकच शिक्का मारून चारही ओळींचे आकडे एका सरासरीत घातले तर हे सगळं पुसलं जातं.

शुभ्रपट

आता ब्लॉटबद्दल, कारण या धाग्यातल्या निम्म्या शंका तिथेच मिटतील.

फॉस्फेट फार नाजूक असतं. प्लेट इन्क्युबेटरमधून काढून टेबलावर पाच मिनिटं ठेवली तरी बँड बदलतात. प्लेट थेट बर्फावर, माध्यम ओढून टाका, बर्फगार पीबीएसने एकदाच धुवा आणि लगेच लायसिस बफर घाला. ट्रिप्सिनने पेशी सोडवून मग लायसिस करू नका. ट्रिप्सिन रिसेप्टरांचे बाहेरचे भाग कापतं आणि त्या धक्क्याने ईआरके उसळतं. खरवडणीनेच गोळा करा. सहा वेलच्या प्लेटमध्ये एका वेलला १०० ते १५० मायक्रोलिटर रिपा बफर पुरे.

बफरमध्ये प्रोटिएजचे अवरोधक सगळे घालतात, फॉस्फेटेजचे विसरतात. सोडियम फ्लोराइड १० ते ५० मिलिमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर, सोडियम ऑर्थोव्हॅनॅडेट १ मिलिमोलर. पहिली दोन सेरीन-थ्रिओनीनवरच्या फॉस्फेटसाठी, तिसरं टायरोसीनसाठी. ईआरकेला दोन्ही लागतात, कारण त्याच्या फॉस्फेटच्या जागाच थ्रिओनीन २०२ आणि टायरोसीन २०४ या आहेत. १४,००० जी, ४ अंश, १५ मिनिटं फिरवा, वरचा द्रव घ्या, बीसीए चाचणीने प्रथिन मोजा, २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रत्येक लेनमध्ये. दहा टक्के जेल चांगलं, म्हणजे ४४ आणि ४२ किलोडाल्टनच्या दोन रेघा वेगळ्या दिसतात. त्या एकात एक मिसळल्या असतील तर जेल कमी चाललेलं आहे.

ब्लॉकिंगला (पट्टीवरच्या रिकाम्या जागा झाकायला) ५ टक्के बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, टीबीएसटी बफरमध्ये. दूध वापरू नका, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फेट असलेलं प्रथिन आहे आणि पार्श्वभूमी काळवंडते. पहिली अँटिबॉडी १:१००० ते १:२०००, रात्रभर ४ अंशांवर.

आणि एक कळकळीची विनंती: फॉस्फो-ईआरके बघून, पट्टी धुऊन त्याच पट्टीवर एकूण ईआरके बघायची सवय सोडा. पहिली अँटिबॉडी पूर्ण निघाली नाही तर ‘एकूण’ म्हणून जे दिसतं त्यात फॉस्फोची सावली मिसळलेली असते. एकाच लायसेटची दोन जेल शेजारी चालवा, नाहीतर ससा आणि उंदीर अशा दोन वेगळ्या प्राण्यांच्या अँटिबॉडी घेऊन दोन रंगांत एकाच वेळी बघा.

गाळणी

व्हॅनॅडेट बाटलीतून काढून तसंच घातलं तर चालतं का? कुठे ‘सक्रिय केलेलं’ लिहिलेलं असतं, कुठे नाही.

शुभ्रपट

@गाळणी, चालत नाही. पाण्यात विरघळलेलं व्हॅनॅडेट एकमेकांना जोडून मोठे रेणू बनवतं आणि ते फॉस्फेटेजला अडवत नाहीत. पिवळसर रंग हीच त्याची खूण. २०० मिलिमोलर द्रावणाचा पीएच १० वर आणा, रंग येईल. उकळा, रंग जाईल. थंड करा, पीएच पुन्हा १० करा. पुन्हा पिवळं झालं तर पुन्हा उकळा. पीएच १० वर रंगहीन राहिलं की लहान भाग करून उणे २० अंशांवर ठेवा. आणि लायसिस बफरमध्ये डीटीटी किंवा भरपूर ईडीटीए असेल तर हे सगळे कष्ट वाया जातात, दोन्ही व्हॅनॅडेट निकामी करतात.

गाळणी

धन्यवाद. वाचनखूण साठवली!

खोलपाणी

मापायचं काय, यावर अजून कुणी बोललं नाही. औषध बदललं की बघायची खूणही बदलावी लागते.

मेक अडवणाऱ्या काही औषधांनी फॉस्फो-मेक वाढतं, कारण ब्रेक सुटून राफ जोरात काम करतं. ट्रॅमेटिनिब मेकवर अशा तऱ्हेने बसतं की राफलाही फॉस्फेट लावणं कठीण जातं, तिथे ही वाढ कमी दिसते. म्हणजे फॉस्फो-मेक बघून ‘औषध लागू पडलं की नाही’ हे ठरत नाही.

ईआरके अडवणाऱ्यांत याहून मोठा सापळा आहे. युलिक्सर्टिनिब हे औषध ईआरकेचं काम थांबवतं, पण त्यावरचं फॉस्फेट तसंच राहतं, उलट साचून बँड दाट होतो. ब्लॉट बघणाऱ्याला वाटतं औषध उलटं चाललं. एससीएच७७२९८४ या रेणूने मात्र फॉस्फेटही उतरतं. दोघांची तुलना फॉस्फो-ईआरकेवर केली तर निष्कर्ष सपशेल चुकेल.

म्हणून नेहमी एक पायरी खाली बघा: फॉस्फो-आरएसके (सेरीन ३८०; आरएसके हे ईआरके ज्याला चालू करतं ते प्रथिन), आणि डीयूएसपी६चा आरएनए. डीयूएसपी६ हा उत्तम साक्षीदार आहे, कारण तो ईआरकेच्या प्रत्यक्ष कामावर चालतो. @रेणुबंध, तुमच्या ४८ तासांच्या नमुन्यात फॉस्फो-ईआरके परत आलं पण डीयूएसपी६ खालीच असेल, तर तो निरोप केंद्रकापर्यंत नीट पोचत नाहीये.

अनुस्वार

मूळ शंका परत मांडते. केरास सतत चालूच आहे, तर वरच्या ईजीएफआरला महत्त्व काय? नाला फुटलेलाच असेल तर नळ चालू की बंद याने काय फरक पडतो?

मंदगती

फरक पडतो, आणि तो उंदरांत दाखवला गेला आहे. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की केरास बदललेलं असूनही ईजीएफआर काढून घेतलं तर स्वादुपिंडात कर्करोग तयार होण्याला मोठा अडथळा येतो. सुरुवातीच्या काळात एकट्या केरासचा निरोप पेशीला उंबरठा ओलांडायला पुरत नाही, ईजीएफआर त्यात भर घालतं.

खोलपाणी

असहमत नाही, पण पुढचं वाक्यही लिहायला हवं. रुग्णांत ईजीएफआर अडवून फार थोडं साधलं. जेमसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधाबरोबर ईजीएफआर अडवणारं एर्लोटिनिब तपासणाऱ्या एकूण ५६९ रुग्णांच्या चाचणीत जोडीवर मध्यम आयुर्मान ६.२४ महिने आलं, एकट्या जेमसिटाबिनवर ५.९१. संख्याशास्त्राने फरक सिद्ध झाला, औषधाला या आजारासाठी २००५ मध्ये मंजुरीही मिळाली. पण तो फरक जेमतेम दहा दिवसांचा. गाठ तयार व्हायला जे लागतं आणि तयार झालेली गाठ ज्यावर जगते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाल्याचा दाखला तिथे लागू पडतो.

त्रिज्या

दोघांचंही बरोबर आहे, आणि मूळ प्रश्न नेमका या दोघांच्या मधल्या जागेत आहे. शांत अवस्थेत ईजीएफआरचा वाटा कमी असतो. मेक अडवल्यावर तोच वाटा वाढतो. म्हणून एर्लोटिनिब एकटं निष्प्रभ ठरलं म्हणून ट्रॅमेटिनिबच्या जोडीलाही ते निष्प्रभ, असं गणित मांडता येत नाही. मात्र ईजीएफआर एकटाच परत येत नाही, त्याचे भाऊबंदही येतात. त्यामुळे सगळ्यांची वाट जिथे एकत्र होते तिथे अडवणं शहाणपणाचं. ती जागा एसएचपी२. एसएचपी२ अडवणारं एसएचपी०९९ आणि ट्रॅमेटिनिब एकत्र दिल्यावर ईआरके परत येण्याचं प्रमाण बरंच घटतं, हे २०१८ च्या सुमारास वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून पुढे आलं.

पेशीजाल

रासवर खरंच जीटीपी चढलं का, हे फॉस्फो-ईआरकेवरून अंदाजाने सांगू नये, थेट मोजता येतं. राफचा रासला चिकटणारा तुकडा जीएसटी या प्रथिनाला जोडून ग्लुटाथायोन मण्यांवर बसवतात. त्याला फक्त जीटीपी असलेलं रास चिकटतं.

बिघडतं कुठे ते सांगतो. लायसिस झाल्यावरही रास जीटीपी तोडतच असतं, म्हणून एका वेळी चारपाचच प्लेटा घ्या, बाकीच्या इन्क्युबेटरमध्ये राहू द्या. लायसिस बफरमध्ये मॅग्नेशियम हवंच, ईडीटीए नको. ईडीटीएने मॅग्नेशियम ओढून घेतलं की न्यूक्लिओटाइड रासमधून गळून पडतं आणि आपण काय मोजतोय ते आपल्यालाच कळत नाही. प्रथिन ५०० मायक्रोग्रॅम ते १ मिलिग्रॅम लागतं. हे लायसेट बर्फात गोठवून उद्यावर टाकू नका.

दोन कंट्रोल अनिवार्य. लायसेटचा एक भाग घेऊन त्यात मुद्दाम १० मिलिमोलर ईडीटीए आणि ०.१ मिलिमोलर जीटीपी-गॅमा-एस (न तुटणारं जीटीपी), दुसऱ्यात ईडीटीए आणि १ मिलिमोलर जीडीपी. दोन्ही ३० अंशांवर १५ मिनिटं, मग ६० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडने थांबवा. पहिल्यात बँड ठळक, दुसऱ्यात जवळजवळ नाही, असं आलं तरच बाकीच्या लेनवर विश्वास ठेवा. रास २१ किलोडाल्टनचं आहे, १२ ते १५ टक्के जेल वापरा. आणि पट्टीवर केरास, एनरास, एचरास यांच्या वेगवेगळ्या अँटिबॉडी लावल्यात तर त्रिज्यांनी वर सांगितलेली गोष्ट डोळ्यांनी दिसेल: मेक अडवल्यानंतर साध्या रासचा वाटा वाढतो.

गाळणी

अवांतर: रासच्या शेपटीला चरबीची साखळी लागते आणि ती नसेल तर ते पेशीपटलावर जातच नाही. मग ती साखळीच लागू दिली नाही तर सगळा प्रश्न मिटेल?

खोलपाणी

अवांतर नाही, चांगला प्रश्न आहे. हा प्रयत्न झाला. फार्नेसिलची साखळी लावणारं एन्झाइम टिपिफार्निबने अडवलं. जेमसिटाबिनसोबत ६८८ रुग्णांची चाचणी झाली, निकाल २००४ मध्ये आला: मध्यम आयुर्मान १९३ दिवस विरुद्ध १८२, फरक सिद्ध झाला नाही. कारण असं की फार्नेसिल मिळालं नाही तर केरास दुसऱ्या एन्झाइमकडून जेरानिलजेरानिल लावून घेतं आणि पटलावर जाऊन बसतं. एचरासला ही सोय नाही, आणि सुरुवातीचे पुष्कळ आशादायक प्रयोग एचरासवर झाले होते. भावंडांपैकी चुकीचं निवडल्याची किंमत पुढच्या सगळ्या प्रवासाला मोजावी लागली. मंदगती पेशींच्या ओळींबद्दल इतक्या आग्रहाने का लिहितात, ते यावरून लक्षात येईल.

तेरावा_वेल

पेशी ‘मरत नाहीत, नुसत्या संथ होतात’ हे कशावरून ठरवलं? एमटीटी या रंग बदलण्याच्या चाचणीवरून असेल तर थांबा.

एमटीटी पेशी मोजत नाही, चयापचय मोजतं. ईआरकेची साखळी ग्लुकोजच्या वापरावर थेट परिणाम करते. मेक अडवल्यावर प्रत्येक पेशीचा रंग बदलण्याचा वेगच बदलतो, संख्या तीच असली तरी. शिवाय ७२ तासांनी एकदाच आकडा घेतला तर हळू दुप्पट होणारी ओळ उगाच ‘प्रतिकार करणारी’ दिसते.

पेशी लावल्यानंतर २४ तासांनी, औषध घालायच्या क्षणी, एक वेगळी प्लेट मोजून ठेवा. तो शून्य. मग ७२ तासांचा आकडा शून्याच्या वर आहे की खाली ते बघा. वर पण कंट्रोलपेक्षा कमी असेल तर वाढ मंदावली. शून्याइतकाच असेल तर थांबली. खाली गेला तरच पेशी मेल्या. मोजणी केंद्रकं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली करा. पँक-१ असेल तर ९६ वेलच्या प्लेटमध्ये ३,००० ते ५,००० पेशी एका वेलला, म्हणजे शेवटीही प्लेट पूर्ण भरत नाही. कडेच्या वेलमधून पाणी उडतं, तिथे नुसतं पीबीएस भरा.

सपाट प्लास्टिकवर चिकटलेल्या पेशी केरासशिवायही बऱ्यापैकी तग धरतात, कारण चिकटण्यातूनच त्यांना इंटिग्रिन या पकड देणाऱ्या प्रथिनांमार्फत निरोप मिळतो. गोळ्याच्या रूपात, न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये वाढवल्या तर केरासवरचं अवलंबित्व जास्त स्पष्ट दिसतं.

मंदगती

+१. याला जोडून दाटीचा मुद्दा. विरळ पेशींत याप हे वाढीची जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात असतं, दाट झाल्या की बाहेर. उंदरांत केरास बंद केल्यावर गाठी विरघळतात, पण पुन्हा उगवलेल्या काही गाठींत केरास बंदच होतं आणि यापच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या. याप हा केरासचा बदली कामगार आहे. कंट्रोलच्या वेलमध्ये दाटी आणि औषधाच्या वेलमध्ये विरळ पेशी असं झालं की यापमधला फरक औषधाचा की दाटीचा, हे सांगता येत नाही. लायसिसच्या दिवशी दोन्हीकडे ६० ते ७० टक्के भरणा यावा अशा बेताने औषधाच्या वेलमध्ये सुरुवातीला जास्त पेशी लावा.

पेशीजाल

मिकबद्दल, म्हणजे वाढीची जनुकं चालवणाऱ्या प्रथिनाबद्दल, कुणीच नाही लिहिलं! ईआरके मिकच्या सेरीन ६२वर फॉस्फेट लावतं आणि मिक टिकतं. पुढे जीएसके३-बीटा हे एन्झाइम थ्रिओनीन ५८वर लावतं आणि मिक मोडीत निघतं. मिकचं आयुष्य २० ते ३० मिनिटांचं, त्यामुळे ईआरके अडवल्याचा परिणाम तिथे झटकन दिसतो. आणि इथेही बदली वाट आहे: ईआरके १ आणि २ दाबले की मेक५-ईआरके५ ही शेजारची साखळी मिकला सावरून धरते. ४८ तासांच्या नमुन्यात मिकची अँटिबॉडी लावाच. ईआरके खाली आणि मिक वर असं दिसलं तर शेजारचं दार वाजवा.

गाळणी

गाठीत पेशी एकट्या नसतात ना? आजूबाजूचा तंतुमय भाग कर्करोगाच्या पेशींपेक्षाही जास्त असतो. प्लेटमधले हे निष्कर्ष तिथे कितपत टिकतील?

त्रिज्या

@गाळणी, काही टिकतात, काही नाही. एकेटी हे चांगलं उदाहरण. केरास जी१२डी असलेल्या पेशी सॉनिक हेजहॉग हे निरोप देणारं प्रथिन बाहेर सोडतात. ते त्यांच्या स्वतःच्या कामाचं नसतं, शेजारच्या स्टेलेट पेशी (तंतुमय भाग तयार करणाऱ्या) ते वाचतात आणि उत्तर म्हणून आयजीएफ१ आणि गॅस६ हे वाढीचे घटक सोडतात. हे परत कर्करोगाच्या पेशीवर येऊन एकेटी चालू करतं. म्हणजे एकट्या पेशींच्या प्लेटमध्ये केरास आणि एकेटीचा संबंध क्षीण दिसतो, शेजारी आल्यावर तो घट्ट होतो.

पण म्हणून शेजाऱ्यांना हाकलून द्यावं, असंही नाही. हेजहॉग अडवणाऱ्या सारिडेगिबची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, औषध घेणाऱ्यांची स्थिती उलट वाईट होत होती. पुढे २०१४ मध्ये उंदरांत दिसलं की तंतुमय भाग कमी केला की गाठ जास्त आक्रमक होते. तो भाग गाठीला पोसतो आणि बांधूनही ठेवतो.

स्टेलेट पेशींचं माध्यम वापरून हे तपासायचं असेल तर सिरमविरहित माध्यमात २४ ते ४८ तास ठेवा, फिरवून मेलेल्या पेशी काढा, ताज्या माध्यमात निम्मं निम्मं मिसळा. कंट्रोल म्हणून तेच माध्यम रिकाम्या प्लेटमध्ये तितकाच वेळ ठेवलेलं हवं. निम्मं मिसळायचं ते पोषण संपल्याचा परिणाम निरोपाच्या खात्यात जाऊ नये म्हणून.

अनुस्वार

टीजीएफ-बीटा या निरोप देणाऱ्या प्रथिनाचं काय? ते वाढ थांबवतं असंही वाचलं आहे आणि पसरायला मदत करतं असंही.

मंदगती

दोन्ही खरं आहे, मध्ये एसएमएडी४ (टीजीएफ-बीटाचा निरोप केंद्रकात नेणारं प्रथिन) उभं आहे. या कर्करोगात निम्म्याच्या आसपास गाठींत ते हरवलेलं असतं. १९९६ मध्ये ते याच आजारात सापडलं आणि आधी डीपीसी४ या नावाने ओळखलं गेलं. प्रयोगाआधी ओळ तपासा: बीएक्सपीसी-३ आणि सीएफपॅक-१ मध्ये एसएमएडी४ नाही, पँक-१ मध्ये आहे. पँक-१ ला ५ ते १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर टीजीएफ-बीटा द्या, तासाभरात फॉस्फो-एसएमएडी२ दिसेल, आकार बदलायला मात्र ४८ ते ७२ तास. काहीच दिसलं नाही तर बहुधा प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटून गेलेलं असतं. ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, बीएसए घालूनच विरघळवा.

खोलपाणी

रुग्णांच्या बाजूने दोन ओळी, कारण असे धागे रुग्णांचे नातेवाईकही वाचतात. ट्रॅमेटिनिब आणि जेमसिटाबिन यांची १६० रुग्णांची चाचणी झालेली आहे, मध्यम आयुर्मान ८.४ महिने विरुद्ध एकट्या जेमसिटाबिनवर ६.७, फरक सिद्ध झाला नाही. सोटोरासिबने जी१२सी असलेल्या ३८ रुग्णांपैकी ८ जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, पण जी१२सी या आजारात शंभरात एकदोघांतच असतं. रासच्या चालू अवस्थेलाच पेशीतल्या सायक्लोफिलिन-ए या प्रथिनाच्या मदतीने पकडणाऱ्या डॅराक्सॉनरासिबची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. वर चर्चिलेली प्लेटमधली मात्रा आणि माणसाला द्यायची मात्रा यांचा थेट संबंध नाही. उपचाराचा निर्णय गाठीच्या जनुकीय तपासणीचा अहवाल समोर ठेवून कर्करोगतज्ज्ञाशीच बोलून घ्यावा. केरास साधं निघालं तर ती तपासणी आणखी महत्त्वाची, कारण तिथे एनआरजी१ किंवा एनटीआरके या जनुकांची दुसऱ्या जनुकाशी जोडणी, बीराफचे बदल अशा औषध असलेल्या गोष्टी सापडण्याची शक्यता जास्त.

तेरावा_वेल

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर अजून राहिलं आहे. ‘ईआरके खरंच परत आलं, की औषध संपलं?’ हे एका जादा वेलने कळतं.

४७ तासांनी त्याच वेलमध्ये पुन्हा ५० नॅनोमोलर ट्रॅमेटिनिब घाला आणि तासाभराने लायसिस करा. फॉस्फो-ईआरके पुन्हा पूर्ण खाली गेलं तर पहिलं औषध पुरेसं उरलेलं नव्हतं. ते प्लास्टिकला आणि सिरममधल्या प्रथिनांना चिकटतं, पेशी त्याचा निचराही करतात. फारसं हललं नाही तर मात्र वाट खरोखर बदलली. हा वेल नसेल तर बाकी सगळी चर्चा अंदाजाची राहते.

रेणुबंध

सगळ्यांचे मनापासून आभार. हा शेवटचा वेल माझ्या आराखड्यात नव्हता. आता मांडणी अशी करतो आहे, चूक असेल तर सांगा.

ओळी तीन: पँक-१, ॲस्पीसी-१, मिया पाका-२. वेळा १, ६, २४, ४८ तास, प्रत्येक वेळेला आपापला डीएमएसओ. ४८ तासांना चार वेल: नुसतं ट्रॅमेटिनिब, ४७व्या तासाला पुन्हा दिलेलं ट्रॅमेटिनिब, ट्रॅमेटिनिबसोबत सुरुवातीपासून १० मायक्रोमोलर एसएचपी०९९, आणि एकटं एसएचपी०९९. अँटिबॉडी: फॉस्फो-ईआरके, एकूण ईआरके, फॉस्फो-आरएसके, फॉस्फो-एकेटी, एकूण एकेटी, मिक. त्याच वेळांना डीयूएसपी६चा आरएनए. जीटीपी-रासची मोजणी फक्त १ आणि ४८ तासांना. पेशींची संख्या वेगळ्या प्लेटमध्ये, शून्याच्या आकड्यासकट.

पेशीजाल

आराखडा छान आहे. दोन दुरुस्त्या. मिया पाका-२च्या माध्यमात १० टक्के एफबीएससोबत (गाईच्या गर्भाचं सिरम) २.५ टक्के घोड्याचं सिरम घालण्याची शिफारस असते. इतर दोन ओळींना ते नसतं. सिरम बदललं की वाढीचे घटक बदलतात, म्हणून ओळींमधली तुलना नको, प्रत्येक ओळीची तुलना तिच्या स्वतःच्या कंट्रोलशीच. आणि सुरू करण्याआधी तिन्ही ओळींची एसटीआर ओळखचाचणी (डीएनएवरून ओळ तीच आहे ना याची खात्री) व मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गासाठी पीसीआर करून घ्या.

शुभ्रपट

आणि ४७व्या तासाला औषध घालताना डीएमएसओच्या एका वेललाही तितकाच डीएमएसओ, तितक्याच हलक्या हाताने. माध्यम हलल्यानेही ईआरके क्षणभर उसळतं.

रेणुबंध

@शुभ्रपट, तो वेल वाढवला. @पेशीजाल, दोन्ही चाचण्या आधी. ब्लॉट आले की याच धाग्यावर टाकतो, डीएमएसओच्या सगळ्या लेनसकट.